अपडेट झालं, गेम मेला, आता शिव्या कोणाला घालायच्या? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

काल रात्रीपर्यंत गेम मस्त चालत होता, सकाळी विंडोज अपडेट झालं आणि आता उघडतच नाहीये. म्हणजे चूक विंडोजचीच ना?

बहुतेक वेळा नाही. राग येतो माहितीये, कारण बदललं ते विंडोज, गेमची तर एक फाइलसुद्धा हललेली नाही, मग दुसरं कोण असणार असंच वाटतं. पण होतं काय, गेममध्ये एखादा बग पंधरा-वीस वर्षं पडून असतो, निव्वळ नशिबाने तो कोणाला दिसलेला नसतो आणि अपडेटने खाली काहीतरी किरकोळ हलतं की हा बाहेर येतो. नेहमीच असं असतं असंही नाही हां, कधी कधी मायक्रोसॉफ्टने खरंच घाण केलेली असते, तेही खाली आहे. आणि चूक कोणाची हा एक प्रश्न, ती निस्तरायची कोणी हा वेगळाच प्रश्न. ग्रुपवर रात्री दोन वाजेपर्यंत जी भांडणं चालतात ती बहुतेक हे दोन प्रश्न एकात कालवल्यामुळे.

नशिबाने झाकलेला बग म्हणजे काय? काहीतरी ठोस सांगा, नुसतं ज्ञान नको.

जीटीए सॅन अँड्रियास घ्या, आपल्याकडे कॅफेत बसून निम्म्या पिढीने खेळलाय. त्यात स्किमर नावाचं पाण्यावर उतरणारं विमान आहे. विंडोज ११ चं २४एच२ व्हर्जन आलं आणि लोकांच्या गेममधून ते विमान गायब झालं, धक्क्यावर असायचं तिथे नाहीच. स्क्रिप्ट लिहून जबरदस्तीने आणलं आणि हिरोला आत बसवलं तर आत बसल्या बसल्या आपला हिरो आकाशात इतका वर फेकला जायचा की खाली नकाशाच दिसेना. साहजिकच सगळे म्हणाले विंडोजने गेम बिघडवला.

मग एप्रिल २०२५ मध्ये सायलेंट नावाच्या मॉडरने (मॉडर म्हणजे दुसऱ्याच्या गेममध्ये बदल करणारा हौशी माणूस; हा सायलेंटपॅचवाला, जुने जीटीए पीसीवर धड चालवायचे तर त्याचे पॅच टाकावेच लागतात) मुळापर्यंत जाऊन शोधलं. गेममध्ये गाड्यांची यादी असलेली एक साधी टेक्स्ट फाइल आहे, प्रत्येक गाडीची एक ओळ आणि ओळीच्या शेवटी चाकांच्या साइझचे आकडे. स्किमरच्या ओळीत ते आकडेच नाहीत. कारण व्हाइस सिटीत (त्याच्या आधीचा जीटीए) स्किमर बोट म्हणून नोंदवलेली होती आणि बोटीला चाकं कुठली, सॅन अँड्रियासमध्ये तिचं विमान केलं पण ओळ पूर्ण करायची राहून गेली. आता गेमचा कोड ओळ वाचताना किती आकडे खरंच मिळाले हे तपासतच नाही आणि व्हेरिएबलला आधी काही डिफॉल्ट किंमतही देत नाही, म्हणजे आकडा नाही मिळाला तर मेमरीत त्या जागी जे काही आधीचं पडलेलं असेल तेच उचलतो. स्किमरच्या आधी वाचली जाते टॉपफन नावाची व्हॅन, तिच्या चाकांचा ०.७ हा आकडा स्टॅकवर (मेमरीतली तात्पुरत्या कामाची जागा) तसाच शिल्लक असायचा, स्किमर तो घ्यायचा आणि वीस वर्षं कोणाला पत्ता नाही. २४एच२ मध्ये विंडोजने स्वतःच्या आतल्या एका फंक्शनचं काम थोडं बदललं, ते आता स्टॅकची जरा जास्त जागा वापरतं, त्यामुळे तो ०.७ पुसला गेला आणि तिथे कचरा आला. त्या कचऱ्यातून जे अवाढव्य आकडे निघाले त्यांनी हिरोला आकाशात भिरकावलं.

विंडोजने इथे कुठलाही नियम मोडलेला नाही. स्टॅकवरचा उरलेला कचरा तसाच राहील असं वचन कोणीच कोणाला दिलेलं नव्हतं. शंभर टक्के गेमची चूक.

मग विंडोजने जुन्या गेमना तेवढं सांभाळून घ्यायला काय होतं?

घेतात की! तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त घेतात. प्रसिद्ध किस्सा सिमसिटीचा आहे, जोएल स्पोल्स्की या प्रोग्रॅमर-लेखकाने लिहून ठेवलाय. सिमसिटी मेमरी परत करून टाकायचा आणि नंतर तीच मेमरी पुन्हा वाचायचा. विंडोज ९५ च्या आधीच्या विंडोजवर हे खपून गेलं कारण ती मेमरी लगेच दुसऱ्या कोणाला जात नव्हती, विंडोज ९५ वर मात्र गेम आपटायला लागला. मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी काय केलं, तर गेम उकलून बग शोधला आणि विंडोज ९५ मध्येच खास कोड टाकला की सिमसिटी चालू आहे का बघ, असेल तर मेमरी लगेच मोकळी करू नकोस. दुसऱ्याच्या गेमचा बग आपल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सांभाळला!

आजही विंडोजमध्ये अशा जुगाडांचं मोठं भांडार आहे, कंपॅटिबिलिटी मोडमध्ये तुम्ही "विंडोज एक्सपी" निवडता तेव्हा त्यातलेच काही लागू होतात. पण प्रत्येक जुगाड पुढे कायमचा वागवावा लागतो आणि काही गोष्टींना जुगाडच नसतो. स्वतःच्या गेमचंसुद्धा त्यांना जमलेलं नाही कधी कधी. स्पेस कॅडेट पिनबॉल आठवतोय? ऑफिसातले काका लोक एक्सपीवर टेबल हलवत बसायचे तो. मायक्रोसॉफ्टच्याच रेमंड चेन यांनी २०१२ मध्ये सांगितलं की ६४-बिटवर नेताना चेंडू सगळ्या वस्तूंच्या आरपार जायला लागला, कोड बाहेरच्या कंपनीकडून घेतलेला, त्यात कॉमेंट जवळपास नाहीत, त्यांना ते सुटलं नाही आणि व्हिस्टातून गेमच काढून टाकला.

म्हणजे मायक्रोसॉफ्ट एकदम धुतल्या तांदळासारखी?

छे! विंडोजने खरोखर माती खाल्ल्याचीही उदाहरणं आहेत. मार्च २०१९ मध्ये विंडोज १० ला एक अपडेट आलं त्यानंतर डेस्टिनी २ सारख्या गेममध्ये माउस आणि ग्राफिक्स अडखळायला लागले, मायक्रोसॉफ्टने स्वतः मान्य केलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या एल३ कॅशची (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) गडबड झाली, एएमडीने स्वतःच सांगितलं की ई-स्पोर्ट्सच्या गेममध्ये १० ते १५ टक्के परफॉर्मन्स जाऊ शकतो, फिक्स त्याच महिन्यात आला पण तोवर ज्यांनी पहिल्या दिवशी हौसेने विंडोज ११ टाकलं त्यांची जिरली. २४एच२ मध्ये ऑटो एचडीआर चालू असेल तर रंग चुकायचे आणि काही गेम अडकायचे, तिथे शेवटी मायक्रोसॉफ्टलाच अशा मशीनवर अपडेट रोखून धरावं लागलं.

आणि ऑक्टोबर २०२५ चं केबी५०६६८३५ नंबरचं विंडोज अपडेट. त्याच्यानंतर काही गेमचे एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं, म्हणजे गेमचा वेग) पडले आणि पुढच्या महिन्यात एनव्हिडियाला ५८१.९४ हा हॉटफिक्स ड्रायव्हर काढावा लागला. यात गंमत अशी की अपडेट एकाचं आणि दुरुस्ती दुसऱ्याकडून, आता चूक विंडोजची होती की ड्रायव्हरमध्ये आधीपासून काही होतं हे बाहेर बसून आपण नाही सांगू शकत, जे छातीठोकपणे सांगतात त्यांच्याकडेही आतला कोड नसतो.

माझं साधं मोजमाप आहे. एकाच वेळी वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या इंजिनवरचे गेम बिघडले तर विंडोज किंवा ड्रायव्हरकडे बघा. एकाच कंपनीचे बिघडले तर त्या कंपनीकडे.

ते असॅसिन्स क्रीडचं काय झालं होतं मग?

तेच, एकाच कंपनीचे. २०२४ च्या शेवटी २४एच२ वर यूबीसॉफ्टचे वल्हाला, ओरिजिन्स, ओडिसी, स्टार वॉर्स आउटलॉज आणि अवतार हे गेम अडकायला लागले, काळी स्क्रीन वगैरे. मायक्रोसॉफ्टने ज्या पीसीवर हे गेम होते त्यांना अपडेट देणंच थांबवलं, याला सेफगार्ड होल्ड म्हणतात. यूबीसॉफ्टने आधी नव्या दोन गेमना पॅच दिला, जुने असॅसिन्स क्रीडवाले अजून ताटकळले.

इथे माझा राग यूबीसॉफ्टवर जास्त आहे आणि कारण साधं आहे, विंडोजचं मोठं व्हर्जन काय एका रात्रीत आभाळातून पडत नाही, इनसायडर प्रोग्रॅममध्ये (विंडोज आधी वापरून बघणाऱ्यांसाठीचा) कित्येक महिने आधी डाउनलोडला असतं, एवढ्या मोठ्या कंपनीने आपले विक्रीला ठेवलेले गेम त्यावर एकदा चालवून बघायला काय हरकत होती. तशी मायक्रोसॉफ्टही सुटत नाही, कारण होल्ड लागला तोपर्यंत अपडेट बऱ्याच जणांकडे पोचलेलं होतं.

माझ्याकडे जुन्या गेमची ओरिजिनल सीडी आहे, विंडोज १० वर चालतच नाही. पैसे देऊन घेतलेली आहे हो!

सेफडिस्क किंवा सिक्युरॉमवाली असणार, म्हणजे कॉपी रोखायचं कुलूप लावलेली. सीडी खरी आहे का हे तपासायला सेफडिस्क विंडोजच्या पार आत, कर्नलमध्ये, स्वतःचा एक ड्रायव्हर बसवायचा. त्या ड्रायव्हरमध्ये सिक्युरिटीची भोकं निघाली होती. २०१५ मध्ये विंडोज १० आलं त्यात त्याला जागाच दिली नाही आणि त्याच सप्टेंबरमध्ये व्हिस्टा, ७ आणि ८ वरही सिक्युरिटी अपडेटने तो बंद करून टाकला. द सिम्स, बॅटलफील्ड १९४२ अशा गेमच्या अस्सल सीड्या एका झटक्यात चहाचा कप ठेवायच्या कामाच्या झाल्या.

सगळ्यात संतापजनक भाग म्हणजे ज्याने रस्त्यावरून पन्नास रुपयांची कॉपी घेतली होती त्याला काहीही झालं नाही, कारण त्यात नो-सीडी क्रॅक होता, ड्रायव्हरची गरजच नाही. मार खाल्ला तो पैसे मोजणाऱ्याने. यात मायक्रोसॉफ्टने भोक बुजवलं हे बरोबरच केलं. दोष ज्याने असलं कुलूप लावलं त्याचा, आणि कुलूप निकामी झालंय हे दिसत असूनही साधा एक पॅच सोडून ते काढून न टाकणाऱ्या पब्लिशरचा त्याहून जास्त. काहींनी उशिरा का होईना केलं, फॉलआउट ३ मधलं मेलेलं गेम्स फॉर विंडोज लाइव्ह (मायक्रोसॉफ्टची जुनी ऑनलाइन लॉगिन सेवा) स्टीमवर ऑक्टोबर २०२१ मध्ये काढलं, म्हणजे मनात आणलं तर जमतं.

तुमच्या मते मग नियम काय? जबाबदार कोण?

जो आज पैसे घेतोय तो. गेम २००५ चा असू दे नाहीतर १९९८ चा, आज स्टोअरवर विकायला ठेवलाय, सेलमध्ये १९९ रुपये घेताय, तर आजच्या विंडोजवर तो चालला पाहिजे आणि चालत नसेल तर पानावर ठळक लिहा. बग वीस वर्षांपूर्वी कोणी केला याच्याशी गिऱ्हाइकाला काय करायचंय. जो गेम विक्रीतूनच गेलाय, कंपनी बुडालीये, तिथे मात्र जबाबदार शोधून उपयोग नाही, तिथे मॉडर लोक आणि जुने गेम नव्या मशीनवर चालवणारे डॉसबॉक्स, डीजीवूडू वगैरे प्रोग्रॅमच आपले मायबाप. हे लोक फुकट काम करतात हे लक्षात ठेवून कॉमेंट टाकत जा जरा.

अँटी-चीटमुळे ब्लू स्क्रीन येते म्हणतात, खरंय का?

येऊ शकते. गेम नॉर्मल प्रोग्रॅम असतो, तो पडला तर तो एकटा पडतो, पण अँटी-चीटचा (चीटिंग पकडणाऱ्या प्रोग्रॅमचा) ड्रायव्हर कर्नलमध्ये बसतो, तो पडला की अख्खं मशीन घेऊन पडतो. २४एच२ च्या वेळी काही इंटेल मशीनवर इझी अँटी-चीटच्या जुन्या ड्रायव्हरमुळे मेमरी मॅनेजमेंटची ब्लू स्क्रीन यायची, तिथेही होल्ड लावला होता आणि उपाय होता गेम अपडेट करून नवा ड्रायव्हर घेणे. कर्नलमधली एक चूक किती महाग पडते ते १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या अपडेटने जगाला दाखवलंच, ८५ लाख विंडोज मशीन आडवी, विमानतळावर बोर्डिंग पास हाताने लिहून देत होते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे विंडोजला शिव्या देत होते. ते विंडोजचं अपडेट नव्हतंच मुळी.

व्हॅलोरंटचं वेगळं आहे, विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही मशीनमधली सुरक्षेची दोन्ही सेटिंग चालू लागतात नाहीतर व्हॅन ९००१ असली एरर देतो. तो बिघाड नाही, त्यांचा नियम आहे, बायोसमध्ये जाऊन चालू करा. (बायोसमध्ये बाकी काही खाजवू नका.)

मॅकवाल्यांचं बरं असतं ना?

हाहा. मायक्रोसॉफ्ट जुनं सांभाळते आणि त्यात चुकते, ॲपल जुनं सरळ कापून टाकते आणि आधी नोटीस देते. सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएस ११ ने ३२-बिट ॲप बंद केले, फोनवरचे शेकडो छोटे गेम त्या दिवशी संपले, ज्यांनी फ्लॅपी बर्ड जपून ठेवला होता त्यांचाही गेला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनाने तेच केलं, हाफ-लाइफ २, पोर्टल, लेफ्ट फोर डेड २ सगळे बंद. नोटीस दीड-दोन वर्षं आधीपासून होती, उघडताना चेतावणी यायची, तरी व्हॉल्व्हसारख्या गडगंज कंपनीनेही आपले गेम ६४-बिट करून दिले नाहीत वेळेत. मग दोष कोणाचा? मला विचाराल तर ॲपलचाही आणि व्हॉल्व्हचाही, पण ज्याने मॅक व्हर्जन विकून पैसे घेतले त्याचा थोडा जास्त. आता रोझेटाचंही (इंटेल मॅकचे प्रोग्रॅम नव्या मॅकवर चालवणारा दुभाषा) तेच चाललंय, फक्त या वेळी ॲपलने २०२५ मध्ये सांगितलंय की मॅकओएस २७ नंतर रोझेटा जाणार पण कोणी सांभाळत नसलेल्या जुन्या गेमपुरता त्याचा थोडा भाग ठेवणार. इतकी तरी माया दाखवली म्हणायची.

आणि लिनक्स?

कर्नलच्या बाबतीत लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स भयंकर कडक आहे, चालू प्रोग्रॅम कर्नल बदलल्यामुळे बिघडला तर चूक कर्नलचीच, विषय संपला. पण गेम नुसत्या कर्नलवर चालत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये जीलिबसी २.३६ आलं (लिनक्सवरचे जवळपास सगळे प्रोग्रॅम वापरतात ती लायब्ररी), त्यात डीटी-हॅश नावाचा जुना तक्ता डिफॉल्टमधून काढला कारण २००६ पासून त्याला नवा पर्याय होता, आणि प्रोटॉनवरचं (लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणारं स्टीमचं साधन) इझी अँटी-चीट नेमकं तो जुनाच तक्ता वाचत होतं. झाले गेम बंद. आर्चसारख्या लिनक्सवाल्यांनी तो तक्ता गपचूप परत घातला.

त्याआधी जून २०१९ मध्ये उबुंटूने ३२-बिट पॅकेज बंद करायचं जाहीर केलं होतं, व्हॉल्व्हकडून लगेच उत्तर आलं की मग १९.१० वर स्टीमचा अधिकृत सपोर्ट नाही, आणि आठवड्याभरात उबुंटूवाल्यांनी माघार घेतली. गिऱ्हाईक मोठं असलं की ऐकतात.

अँड्रॉइडवर जुना गेम "या फोनसाठी नाही" म्हणतो.

दोन कारणं. पिक्सेल ७ पासून काही फोन फक्त ६४-बिट ॲप घेतात, आणि अँड्रॉइड १४ पासून फार जुन्या अँड्रॉइडसाठी बनवलेल्या एपीके इन्स्टॉलच होत नाहीत कारण व्हायरसवाले मुद्दाम तसले बनवायचे. घरात जुना फोन पडला असेल तर त्यावर खेळा, तो अपडेट करू नका.

एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये गवत जांभळं आणि पाणी लाल दिसतं, ग्राफिक कार्ड गेलं का?

नाही हो! जुना गेम २५६ रंगांच्या पॅलेटवर चालतो, व्हिस्टा आणि ७ मध्ये डेस्कटॉप त्याच पॅलेटमध्ये हात घालतो आणि रंग फिसकटतात. जुना उपाय अफलातून आहे, टास्क मॅनेजर उघडा, एक्सप्लोरर बंद करा (टास्कबार जाईल, घाबरू नका), तिथूनच गेम चालू करा, खेळून झालं की एक्सप्लोरर परत चालू. नाहीतर सरळ डेफिनिटिव्ह एडिशन घ्या. आणि डेव्ह, प्रिन्स वगैरे डॉसचे गेम ६४-बिट विंडोजवर थेट कधीच चालणार नाहीत, डॉसबॉक्स टाका.

नक्की गुन्हेगार कोण ते घरबसल्या कसं ओळखू?

स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" शोधा, रिलायबिलिटी हिस्टरी उघडते, तारखेवार लाल फुल्या दिसतात आणि कोणत्या दिवशी कुठलं अपडेट बसलं तेही तिथेच दिसतं. फुलीवर डबल क्लिक केलं की फॉल्टिंग मॉड्यूल म्हणून एका फाइलचं नाव येतं. एनव्ही ने सुरू होणारं नाव म्हणजे बहुधा एनव्हिडिया ड्रायव्हर, गेमच्याच फाइलचं नाव असेल तर गेम. आणि एनटीडीएलएल (ही विंडोजची स्वतःची फाइल) दिसलं की लोक उड्या मारतात, बघा विंडोजची फाइल! थांबा. गेमने मेमरीची वाट लावली की आपटायची जागा बऱ्याचदा एनटीडीएलएलच असते, ज्याच्या दारात प्रेत सापडलं तोच खुनी असं होत नाही. तारीखही नीट बघा, कित्येकदा त्याच रात्री स्टीमने गेमही अपडेट केलेला असतो किंवा ग्राफिक ड्रायव्हर बदललेला असतो आणि नाव विंडोजचं जातं.

ठीक आहे, आत्ता लगेच काय करू? संध्याकाळी मॅच आहे.

आधी स्टीमवर गेमच्या फाइल व्हेरिफाय करा, मग ओव्हरले, म्हणजे गेमच्या वर तरंगणाऱ्या खिडक्या, बंद (डिस्कॉर्ड, आफ्टरबर्नर, जे काय असेल ते), मग ग्राफिक ड्रायव्हर नवा टाका किंवा नवा टाकल्यामुळेच बिघडलं असेल तर मागचा टाका. एवढ्यावर निम्मे प्रश्न सुटतात. नाहीच सुटला तर सेटिंग्समध्ये विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी, अनइन्स्टॉल अपडेट्स, तिथून शेवटचं अपडेट काढा आणि पाच आठवड्यांपर्यंत पॉज करून ठेवा. अख्खं व्हर्जनच बदललं असेल (२३एच२ चं २४एच२ वगैरे) तर सिस्टिम, रिकव्हरी, गो बॅक. पण हे फक्त १० दिवस चालतं आणि डिस्क क्लीनअप करून विंडोज डॉट ओल्ड फोल्डर उडवला असेल तर तेही नाही, सी ड्राइव्ह लाल झाली म्हणून सगळ्यात आधी तोच उडवणारे महाभाग खूप आहेत.

मेमरी इंटिग्रिटी (विंडोजचं एक सुरक्षेचं सेटिंग) बंद केलं की एफपीएस वाढतात का?

काही मशीनवर थोडे वाढतात, मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये गेमर लोकांसाठी तसं लिहिलंय. खेळून झालं की परत चालू करा असंही त्याच पानावर लिहिलंय, ते कोणी वाचत नाही.

अपडेट कायमचे बंदच करून टाकतो ना. आमचा कॉम्प्युटरवाला "गेमिंग विंडोज" पण टाकून देतो म्हणाला.

दोन्ही नको. कायमचे बंद म्हणजे सिक्युरिटीची भोकं कायमची उघडी आणि त्याच मशीनवर तुमचं यूपीआय, बँक, वडिलांचा इन्कम टॅक्स. शिवाय नवे गेम आणि स्टीमसुद्धा जुन्या विंडोजला सोडून देतात, ७ आणि ८ ला स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून सोडलं. आणि ते "गेमिंग", "लाइट" वगैरे विंडोज म्हणजे कोणा अनोळखी माणसाने कापाकापी केलेलं असतं, डिफेंडर (विंडोजचा अँटीव्हायरस) काढलेला, अपडेट तोडलेलं, आत काय घातलंय देव जाणे. त्यावर गेम बिघडला तर कोणाला विचारणार? मोठं व्हर्जन आलं की महिनाभर थांबून इतरांचं काय होतंय ते बघायचं आणि मग घ्यायचं, दर महिन्याचे सिक्युरिटीवाले मात्र आठवड्याच्या आत घेऊन टाकायचे.

क्रॅक गेम आहे, अपडेटनंतर बंद पडला...

बऱ्याचदा डिफेंडरने क्रॅकची फाइल उचललेली असते. इथे तक्रार करायला जागा नाही, तुम्हालाही माहितीये.

तक्रार केली तर खरंच कोणी वाचतं का?

"गेम चालत नाही, फालतू कंपनी" एवढंच लिहिलं तर नाही वाचत. विंडोजचा पूर्ण बिल्ड नंबर (स्टार्टमध्ये विनव्हर टाइप करा, येतो), ग्राफिक ड्रायव्हरचं व्हर्जन, फॉल्टिंग मॉड्यूलचं नाव, अपडेट काढल्यावर गेम परत चालला की नाही, आणि परत टाकल्यावर परत बिघडला की नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं, निम्मे लोक इतकंच करत नाहीत. हे सगळं आधी गेमवाल्याच्या सपोर्टला पाठवा आणि तेच उचलून विंडोजच्या फीडबॅक हबमध्येही टाका, तिथे आधीच कोणी लिहिलं असेल तर नवीन न टाकता त्यालाच अपव्होट द्या. स्टीमवर दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल आणि घेऊन चौदा दिवस झाले नसतील तर तक्रारीच्या भानगडीत न पडता आधी रिफंड मागून मोकळे व्हा.